आरओपी (अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांचा आजार) ओसरला म्हणाले, तरी बाळाचा डोळा आत वळतो. पुढची तपासणी कधी?

वाळपईकर

नमस्कार. मुलगी २९ आठवड्यांतच जन्मली, जन्मवजन ११५० ग्रॅम. आज तिला ५ महिने पूर्ण झाले. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) सीपॅप, म्हणजे नाकातून दाबाने हवा देणारं यंत्र, आणि ऑक्सिजन लागला होता. डोळ्यांची पहिली तपासणी तिसऱ्या आठवड्यात झाली. तेव्हा दोन्ही डोळ्यांत झोन २, स्टेज १ (पडद्याच्या मधल्या पट्ट्यात, सगळ्यात सौम्य टप्पा) होतं. लेझर नाही, इंजेक्शन नाही, आपोआप ओसरलं. शेवटच्या कागदावर ‘रक्तवाहिन्या परिपक्व’ आणि खाली ‘नेत्रविभागात फेरतपासणी’ एवढंच लिहिलंय.

प्रश्न असे:
१) डावा डोळा मधूनच नाकाकडे वळतो, विशेषतः दूध पिऊन पेंगायला लागली की. हे वयाचं आहे की तिरळेपणा?
२) खुळखुळा हलवला तर कधी बघते, कधी नाही. खिडकीकडे मात्र टक लावून असते.
३) आरओपी संपला तर बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) पुन्हा जायचं ते नेमकं कशासाठी, आणि कधी?
४) घरात काळी-पांढरी कार्डं, मोबाइलवरचे ‘बेबी व्हिडिओ’ आणि काजळ असे तीन पक्ष पडलेत. कोणाचं ऐकू?

चष्म्यापलीकडे (ऑप्टोमेट्रिस्ट, फोंडा)

आधी वय मोजू. ४० वजा २९, म्हणजे ती ११ आठवडे लवकर आली. ५ महिने म्हणजे साधारण २२ आठवडे. त्यातून ११ गेले की उरतात ११. डोळ्यांच्या बाबतीत तुमची मुलगी आज अडीच महिन्यांची धरायची, पाच महिन्यांची नव्हे. हे तिचं सुधारित वय. शेजारच्या पाच महिन्यांच्या बाळाशी तुलना इथेच बंद करा.

सुधारित वयाने ६ ते ८ आठवड्यांत नजरेला नजर आणि हसू. दोन ते तीन महिन्यांत चेहरा किंवा वस्तू आडवी सरकली की डोळे मागोमाग जातात. सुरुवातीला ते झटक्याझटक्याने जातात, सलग नाही, आणि वर-खाली बघणं आडव्यापेक्षा उशिरा जमतं. जवळच्या वस्तूवर फोकस बदलणं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पक्कं होतं. दोन्ही डोळ्यांची चित्रं एकत्र होऊन खोली कळायला लागते तीही त्याच सुमारास, साधारण ३ ते ५ महिन्यांत. बघून हात पुढे करणं चार-पाच महिन्यांनी. त्यामुळे खुळखुळ्याकडे ‘कधी बघते, कधी नाही’ हे आज चालण्यासारखं आहे. सुधारित तीन महिने पूर्ण झाल्यावरही चेहऱ्यावर नजर ठरत नसेल तर मात्र वाट बघू नका.

एक सूचना. खुळखुळ्याने नजर तपासू नका. बाळ आवाजाकडे वळतं आणि आपल्याला वाटतं ते बघतंय. आवाज न करणारी वस्तू घ्या किंवा गप्प राहून आपला चेहराच न्या.

आता डोळा वळण्याबद्दल. पेंगताना, भूक लागल्यावर, थकल्यावर क्षणभर डोळा आत किंवा बाहेर जाणं आणि लगेच जागेवर येणं सुधारित ३-४ महिन्यांपर्यंत चालतं. न चालणाऱ्या गोष्टी अशा: डोळा सतत वळलेला आहे, प्रत्येक वेळी तोच डोळा वळतो, डोळा एका बाजूला पूर्ण जातच नाही, डोळे थरथरतात, बाहुलीत पांढरं दिसतं. यातलं काहीही कुठल्याही वयात दिसलं तरी तारखेची वाट न बघता दाखवायचं. तुम्ही लिहिलंय ‘डावा डोळा’. दर वेळी डावाच का, हे पुढचे चार-पाच दिवस नीट बघून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील.

घरी करायची चाचणी: खोलीतला दिवा थोडा मंद करा. मोबाइलचा फ्लॅश नको, तो प्रखर असतो आणि बाळ डोळे मिटतं. लहान पेन-टॉर्च घ्या, बाळाच्या चेहऱ्यापासून साधारण ३३ सेंटिमीटरवर, तुमच्या नाकासमोर धरा. बाळाने उजेडाकडे बघितलं की दोन्ही बुबुळांवर पांढरा ठिपका दिसतो. दोन्हीकडे ठिपका बाहुलीच्या मध्याशी किंवा दोन्हीकडे सारखाच किंचित नाकाच्या बाजूला असेल तर डोळे सरळ आहेत. एका डोळ्यात मध्यावर आणि दुसऱ्यात कानाच्या बाजूला सरकलेला असेल तर तो दुसरा डोळा आत वळलाय. ठिपका १ मिलिमीटर सरकला तर वळण साधारण ७ अंश, म्हणून थोडासा फरकही दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. बाळ पूर्ण जागं, पोट भरलेलं आणि मान सरळ असताना करा. मान वळलेली असली की चाचणी फसते.

लहान बाळांची नाकाची दांडी बसकी आणि रुंद असते, आतल्या कोपऱ्यावर कातडीची घडी असते. पांढरा भाग आतून झाकला जातो आणि डोळा वळल्यासारखा दिसतो, विशेषतः तिरक्या फोटोत. ठिपका जागेवर असेल तर तो तिरळेपणा नव्हे. पण हे घरच्या घरी ठरवून मोकळं व्हायचं नाही. घडीखाली खरा तिरळेपणाही लपलेला असू शकतो.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, रात्री लिहितो.

पेडण्याची_माई

तिरळेपणा सहा महिन्यांपर्यंत आपोआप जातो, एवढं घाबरू नका. करेक्टेड वय धरलं तर तुमच्याकडे आठ-साडेआठ महिन्यांपर्यंत वेळ आहे.

चष्म्यापलीकडे

माई, हाच हिशेब धोक्याचा आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. सुधारित वय हे ‘अजून का येत नाही’ याची घाई टाळण्यासाठी आहे, दिसत असलेला दोष पुढे ढकलण्यासाठी नाही. शिवाय दोन डोळ्यांची चित्रं जोडण्याचं काम सगळंच सुधारित वयावर चालत नाही. मेंदूच्या लहरी मोजून केलेल्या अभ्यासात असं दिसलंय की मुदतपूर्व बाळांत हे जोडकाम जन्मानंतर डोळे किती काळ उघडे राहिले, जग किती काळ बघितलं, याच्याशी जास्त जुळतं. म्हणजे लवकर जन्मलेल्या बाळाची ही घड्याळं लवकर सुरू होतात. त्या काळात एक डोळा सतत वळलेला राहिला तर मेंदू त्याचं चित्र बाद करायला शिकतो. मग ऑपरेशनने डोळा सरळ दिसेल, पण गेलेली खोलीची जाण पुरती परत येईलच असं नाही.

वाळपईकर, सतत आणि मोठ्या कोनात आत वळणारा डोळा असेल तर आजच. अधूनमधून आणि क्षणभर असेल तर सुधारित ४ महिन्यांपर्यंत थांबायला हरकत नाही. तुमच्या हिशेबाने आणखी सहा आठवडे.

एनआयसीयू_सिस्टर

‘रक्तवाहिन्या परिपक्व’ याचा अर्थ काय ते आधी. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या गर्भात १६व्या आठवड्याच्या सुमारास मधून निघतात. नाकाच्या बाजूची कड ३६व्या आठवड्याला गाठतात आणि कानाच्या बाजूची कड ४०व्याच्या आसपास. २९व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळात हे काम अर्ध्यावर असतं. बाहेर आल्यावर ऑक्सिजन जास्त झाला, वर-खाली झाला, जंतुसंसर्ग झाला, वजन वाढलं नाही की ही वाढ आधी थांबते आणि मग वेडीवाकडी सुटते. तो आरओपी. तुमच्या मुलीच्या वाहिन्या कडेपर्यंत पोचल्या, एवढंच त्या कागदात लिहिलंय. नजर, नंबर, तिरळेपणा याबद्दल तो कागद काहीच सांगत नाही. हे घरच्यांना डिस्चार्जच्या गडबडीत कोणी बसून समजावत नाही, आणि मग ‘डोळे ओके’ असा निरोप घरी जातो.

धागा इतरही वाचतील, त्यांच्यासाठी: आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं प्रत्येक बाळ तपासायचं. ३४ ते ३६ आठवड्यांचं बाळ जास्त आजारी होतं, ऑक्सिजन बराच लागला होता, तर तेही. पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमखालचं बाळ असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. इथे सुधारित वय चालत नाही, जन्मतारखेपासून मोजायचं. बाळ एका इस्पितळातून दुसरीकडे हलवलं किंवा लवकर घरी गेलं की हीच तारीख हुकते. उपचार लागणारा आरओपी निघाला तर लेझर किंवा इंजेक्शन ४८ ते ७२ तासांत व्हावं लागतं, म्हणून ‘चतुर्थी झाल्यावर येतो’ हे इथे चालत नाही.

तपासणीला येताना: आधी साधारण तासभर दूध नको, पण उपाशीही आणू नका. वेळ विचारून घ्या आणि त्या हिशेबाने पाजा. बाहुली मोठी करायचे थेंब १०-१५ मिनिटांच्या अंतराने दोन-तीनदा घालतात. बाजारात मिळणारे ट्रॉपिकामाइड ०.८ टक्के आणि फेनिलेफ्रीन ५ टक्के बाळासाठी अर्ध्या ताकदीचे करून वापरतात. थेंब घातल्यावर गालावर ओघळलेलं लगेच पुसायचं आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर मिनिटभर हलकं दाबून धरायचं. नाही तर औषध नाकातून अंगात जातं. त्याने नाडी, रक्तदाब बदलतो, पोट फुगतं, पुढचं दूध पचत नाही. आपल्याकडच्या काळ्या बुबुळांना थेंब जास्त वेळा लागतात. तरीही बाहुली उघडत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं, कारण वाढलेल्या आरओपीत बाहुली आखडते.

तपासताना पापण्या तारेच्या चिमट्याने उघड्या ठेवतात. बघायला वाईट वाटतं, पण भूल-थेंब घातलेले असतात. दुपट्यात घट्ट गुंडाळणं आणि तपासणीच्या दोन मिनिटं आधी जिभेवर आईचं दूध किंवा साखरपाण्याचे मोजके थेंब यांनी रडणं कमी होतं. साखरपाणी सिस्टरच देतील, घरून करून आणू नका. नंतर पापण्या थोड्या सुजतात, पांढऱ्या भागावर लाल डाग येऊ शकतो. उजेड काही तास बोचतो, तेव्हा परतीच्या गाडीत डोक्यावर दुपटं धरा. श्वास मधेच थांबणं, रंग निळसर होणं, दूध सतत टाकणं किंवा दुसऱ्या दिवशी डोळ्यातून पू, यांपैकी काही झालं तर परत या.

चष्म्यापलीकडे

पुढची तपासणी. इस्पितळातून सुटल्यापासून ४ ते ६ महिन्यांच्या आत डोळ्यांची एक संपूर्ण तपासणी व्हावी, आरओपी झाला असो वा नसो. तुमच्या कागदावर तारीख नाही, म्हणून तुम्हीच फोन करून घ्या. त्यानंतर साधारण वर्षाचं झाल्यावर, मग दुसऱ्या वर्षी, आणि शाळेत जाईपर्यंत दरवर्षी. अंतर डॉक्टर बदलतील.

त्यात बघायचं काय? पडदा पुन्हा एकदा. पण मुख्य म्हणजे नंबर. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्याची पुढची काच जास्त गोलाकार, भिंग जाड आणि पुढची पोकळी उथळ राहते, त्यामुळे उणे नंबर लवकर येतो. लेझर झालेल्यांत तर मोठा येतो. गोंधळ असा की काहींचा नंबर वर्षभरात आपोआप उतरतो, म्हणून दिसला नंबर की दिला चष्मा असं करत नाहीत. वर्षाच्या आतलं बाळ हातभर अंतरावरच जगतं. दोन्ही डोळ्यांत सारखा आणि उणे ५ च्या आतला नंबर असला तर बरेच डॉक्टर नुसतं लक्ष ठेवतात. दोन डोळ्यांत मोठा फरक असेल किंवा डोळा आत वळत असून अधिक नंबर असेल तर मात्र चष्मा लवकर लागतो. आत वळलेला डोळा कित्येकदा नुसत्या अधिक नंबराच्या चष्म्याने सरळ होतो. ऑपरेशनचं बोलणं त्यानंतर.

हा नंबर काढायला फोकसचे स्नायू सैल करणारं औषध लागतं. ॲट्रोपिन मलम दिलं तर ते आधी दोन-तीन दिवस घरी घालायचं असतं. तांदळाच्या दाण्याएवढंच, खालच्या पापणीत, आणि तुमचे हात लगेच धुवायचे. बाळाचं अंग तापलं, चेहरा लाल झाला, तोंड कोरडं पडलं, नाडी जलद वाटली की पुढचा डोस थांबवून फोन. तपासणीच्या दिवशी सकाळी मलम घालायचं की नाही हे विचारून घ्या, डोळ्यात मलम पसरलेलं असेल तर नंबर नीट दिसत नाही. छोट्या बाळांत सायक्लोपेंटोलेटचे सौम्य थेंब वापरतात, ते तिथेच घालतात.

एक डोळा आळशी निघाला, म्हणजे मेंदू त्याचं चित्र बाद करत असला, तर चांगल्या डोळ्यावर पट्टी. किती तास ते डॉक्टर ठरवतील. ‘जास्त लावली तर लवकर सुधारेल’ असं करू नका. एवढ्या लहान वयात चांगला डोळाच मागे पडतो.

वाळपईकर

सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. कागद पुन्हा काढून बघितले. डोक्याच्या सोनोग्राफीत ‘डाव्या बाजूला ग्रेड २ रक्तस्राव, पीव्हीएल नाही’ असं आहे. याचा डोळ्यांशी संबंध असतो का? खिडकीकडे टक लावणं त्यातलं तर नाही?

बालविकास_थेरपी (म्हापसा)

असतो. डोळा कॅमेऱ्याचं काम करतो, चित्र मेंदूत बनतं. त्या तारा मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेने जातात, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात इजा नेमकी तिथेच होते. ग्रेड २ (चारपैकी दुसरी पायरी) आणि पीव्हीएल (पोकळ्यांच्या कडेच्या त्या तारांच्या भागाला इजा) नाही ही त्यातली बरी बाजू आहे, नजरेवर परिणाम व्हायलाच हवा असं मुळीच नाही. पण तुमच्या डॉक्टरांना हा कागद दाखवा. नेत्रविभागात लोक फक्त डोळ्यांची फाइल नेतात.

रक्तस्रावामुळे एक तातडीची गोष्ट लक्षात ठेवा. डोळा अचानक वळायला लागला, सोबत टाळू फुगलेली आणि ताठ, उलट्या, सुस्ती, डोक्याचा घेर झपाट्याने वाढतोय, किंवा बुबुळं खाली ढकललेली आणि वर पांढरं दिसतंय, तर तो नेत्रविभागाचा प्रश्न नाही. मेंदूत पाणी साचत असू शकतं. थेट आपत्कालीन विभागात जायचं.

खिडकीचं बघू. अडीच महिन्यांचं बाळ उजेडाकडे बघतंच, खिडकीची चौकट म्हणजे घरातला सगळ्यात ठळक काळा-पांढरा आकार. काळजी कधी करायची? खिडकीवरून नजर सुटतच नाही, मधे चेहरा आला तरी पलीकडे बघते. हलणारी वस्तू दिसते, स्थिर दिसत नाही. शांत खोलीत बघते, चार माणसं बोलायला लागली की बघणं बंद. वस्तू दाखवल्यावर बराच वेळाने नजर येते. पुढे हात घालायला लागल्यावर हात वस्तूकडे आणि तोंड भलतीकडे. खालच्या बाजूचं काही लक्षातच येत नाही. यातल्या दोन-तीन गोष्टी सुधारित ४ महिन्यांनंतर टिकून असतील तर मेंदूशी संबंधित दृष्टिदोषाची तपासणी मागा. डोळे अगदी निरोगी असूनही हे असू शकतं, म्हणून ‘पडदा चांगला आहे’ या उत्तरावर उठू नका.

घरी काय करायचं? काळी-पांढरी कार्डं चालतील, पण विकत आणायची गरज नाही. कुणबी साडीच्या लाल-पांढऱ्या चौकड्यांचा तुकडा पुठ्ठ्यावर ताणून लावा, त्याहून ठळक काही मिळणार नाही. २० ते ३० सेंटिमीटरवर, एका वेळी एकच वस्तू, मागे साधी भिंत किंवा एकरंगी चादर. उजेड बाळाच्या मागून येऊन वस्तूवर पडू दे, बाळाच्या डोळ्यांवर नको. वस्तू दाखवून दहापर्यंत मनात मोजा, मगच हलवा. बहुतेक घरांत इथेच चुकतं, बाळाची नजर यायच्या आत वस्तू निघून जाते. मग हळू, नाकासमोरून एका कानाकडे, परत मध्ये, दुसऱ्या कानाकडे. नजर सुटली तर मागे जाऊन पकडा.

बाळाला पाठीवर ठेवताना मान मध्ये राहील असं दुपट्याचं वेटोळं दोन्ही खांद्यांमागे द्या, खांदे आणि हात पुढे येतील. अपुऱ्या दिवसांची बाळं एकाच बाजूला मान टाकून झोपतात. डोकं त्या बाजूला चपटं होतं आणि डोळेही तिकडेच बघायला शिकतात. जागेपणी तुम्ही रोज बाजू बदलून बसा. हा आधार जागेपणी आणि तुम्ही समोर असतानाच, झोपताना काढायचा.

दोन-तीन मिनिटं पुरे, दिवसातून चार-पाच वेळा, नुकतं उठल्यावर. जांभई, उचकी, बोटं फाकवणं, मान फिरवणं, रंग बदलणं ही थकल्याची खूण, तिथे थांबायचं. पाळण्यावरचं चिमणाळं अगदी कपाळावर टांगू नका. छातीच्या रेषेत आणि थोडं बाजूला बांधा, म्हणजे मान मागे ताणून बघावं लागणार नाही. चतुर्थीत माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-फुलांच्या मांडवाखाली) नेऊन दहा जणांनी एकदम खेळवलं आणि ती रडली तर ते नजर लागणं नव्हे, तिला ते झेपत नाही एवढंच.

मोबाइल व्हिडिओ नको. पडद्यावरचं चित्र जवळ-लांब होत नाही, तेव्हा दोन डोळ्यांना एकत्र वळायला काही शिकवत नाही. काजळ, मध, दूध, तेल यांतलं डोळ्यात काहीही नको. काजळात शिसं असू शकतं आणि बोटाने जंतू जातात. आजीचं मन मोडायचं नसेल तर तीट पायाच्या तळव्याला लावू दे.

साखळीची_आई

आमच्या बाळाला लेझर नव्हे, डोळ्यात इंजेक्शन दिलं. आरओपी बसला म्हणाले. आमचं वेळापत्रक हेच का?

एनआयसीयू_सिस्टर

नाही ताई, तुमचं वेगळं. इंजेक्शनने वेड्यावाकड्या वाहिन्या लवकर बसतात, पण औषध उतरल्यावर काही बाळांत त्या पुन्हा उठतात, तेही कित्येक आठवड्यांनी, घरी सगळं छान चाललेलं असताना. लेझरमध्ये हे कमी. म्हणून वाहिन्या कडेपर्यंत पोचल्या असं डॉक्टर लिहून देईपर्यंत एक-दोन आठवड्यांच्या तारखा चालूच राहतात. काही बाळांत त्या कडेपर्यंत पोचतच नाहीत आणि नंतर उरलेल्या भागावर लेझर करावं लागतं. कागदावर इंजेक्शनचं नाव, कुठल्या डोळ्यात आणि कुठल्या तारखेला दिलं ते आहे का बघा. नसेल तर लिहून घ्या. गाव बदललं, डॉक्टर बदलले तर पुढचा माणूस आधी हेच मागतो.

वाळपईकर

फोन केला. पुढच्या आठवड्यात वेळ मिळाली, दोन्ही फाइली नेतो. टॉर्चने बघितलं, जागी असताना ठिपके दोन्हीकडे सारखे दिसतात.

चष्म्यापलीकडे

चांगलं. पेंगतानाचा, डोळा वळलेला असतानाचा एक व्हिडिओ समोरून, मान सरळ असताना काढून न्या. ओपीडीत पोचल्यावर ही बाळं नेमकी टक्क जागी असतात.